गवयाचा चरितार्थ आणि पंडित विष्णु दिगंबर

विद्या आणि अन्न यांची सांगड कशी घालावी, हा प्रश्न प्रत्येक कलावंतापुढें उभा राहतो. परंतु गवयापुढें तो जितक्या निकरानें उभा राहिला, तितका क्वचितच दुसऱ्या कोणापुढें राहिला असेल. चित्रकाराचें चित्र भिंतीवर टिकतें, कवीचें काव्य ग्रंथांत राहतें. गवयाचा स्वर मात्र उमटतांच विरून जातो. म्हणून ऐकणारा आणि ऐकून कांहीं देणारा धनी जवळ असणें, ही त्याची पूर्वापार गरज होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा धनी म्हणजे बहुधा संस्थानिक. दरबारीं शिधा मिळे, शालजोडी मिळे. पण मर्जी फिरली कीं दुसरें दार शोधणें आलें. आणि दरबाराबाहेरच्या प्रतिष्ठित समाजांत गवयाच्या धंद्याकडे कोणी आदरानें पाहत नसे.

ही स्थिति बदलण्याचा ज्यांनीं हेतुपूर्वक उद्योग केला, त्यांत पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांचें नांव अग्रभागीं येतें. त्यांचा जन्म १८७२ सालीं कुरुंदवाड येथें झाला. वडील कीर्तनकार होते. लहानपणीं शोभेच्या दारूनें डोळ्यांना इजा झाली आणि शाळेचा अभ्यास सुटला. तेव्हां मुलाला मिरजेस पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे गाणें शिकण्यास पाठविण्यांत आलें. बुवांनीं ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रांत आणली होती; शिष्याला मिरज संस्थानचा आश्रयहि लाभला. डोळे अधू झाले नसते, तर हा मुलगा कदाचित् एखाद्या कचेरींत जाऊन बसला असता.

मिरजेंतील एका समारंभाची हकीकत सांगतात. गांवांतील प्रतिष्ठितांना आमंत्रणें गेलीं, त्यांत विष्णुबुवांचेंहि नांव होतें. पण गुरु बाळकृष्णबुवांना मात्र कोणी बोलाविलें नाहीं. शिष्याला मान मिळाला तो राजाश्रयामुळें. गुरु तर केवळ गवई! हा शल्याचा कांटा विष्णुबुवांच्या मनांत खोल रुतला. १८९६ सालीं त्यांनीं मिरज सोडली.

पुढें बडोदें, काठेवाड, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली असा त्यांचा प्रवास झाला. काठेवाडांत त्यांनीं तिकीट लावून जाहीर जलसा केला. आज ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण तिचा अर्थ मोठा होता. तिकीट काढून येणारा श्रोता धनी नसतो. तो मोबदला देतो, गाणें ऐकतो आणि घरीं जातो. गवयाला त्याच्यापुढें हुजरेगिरी करावी लागत नाहीं. युरोपांतहि असें स्थित्यंतर पूर्वीं घडलें होतें. मोझार्टनें १७८१ सालीं साल्झबर्गच्या धर्माधिपतीची चाकरी सोडली आणि व्हिएन्ना शहरांत शिकवण्या, जलसे व स्वरलेखनांचें प्रकाशन यांवर निर्वाह चालविला. विष्णुबुवांनीं जवळजवळ तींच साधनें हातीं घेतलीं. फरक एवढाच कीं, त्यांना तीं एकट्यापुरतीं नको होतीं.

५ मे १९०१ रोजीं त्यांनीं लाहोर येथें गांधर्व महाविद्यालय स्थापन केलें. ठराविक फी, ठराविक वेळ, वर्गवार अभ्यासक्रम आणि परीक्षा, अशी ती शाळा होती. गुरूच्या घरीं वर्षानुवर्षें पाणी भरल्यावांचून गाणें येत नाहीं, या समजुतीला तेथें पहिला धक्का बसला. त्यांनीं स्वतःची स्वरलेखनपद्धति तयार केली आणि छापखाना काढून पुस्तकें प्रसिद्ध केलीं. ‘संगीत बालप्रकाश’ हें त्यांपैकीं एक. शृंगारिक चिजांच्या जागीं भक्तिपर पदें घातल्यामुळें कुलीन घरांतील मुलींनाहि गाणें शिकणें शक्य झालें. यांबरोबरच निवडक मुलांना ठेवून घेऊन, त्यांच्या अन्नवस्त्राचा भार सोसून, संगीताचे शिक्षक तयार करण्याचा उपदेशक वर्ग चाले. शिक्षकी हा गवयाचा मानाचा व्यवसाय व्हावा, हें त्यामागील धोरण होतें.

१९०८ सालीं मुंबईस विद्यालय सुरू झालें आणि पुढें त्यासाठीं स्वतंत्र इमारत उभी राहिली. येथेंच जमाखर्चाचा मेळ बिघडला. शाळेची फी थोडी, वसतिगृहाचा खर्च मोठा, इमारतीचें कर्ज त्याहून मोठें. आणि हें सारें भागवावयाचें तें एका माणसाच्या जलशांच्या उत्पन्नावर. बुवा दौऱ्यावर दौरे काढीत, पण व्याज कोणासाठीं थांबत नाहीं. अखेर १९२४ च्या सुमारास ती वास्तु लिलावांत गेली. त्यानंतर बुवांनीं नाशिकास रामनामाचा आश्रय घेतला आणि २१ ऑगस्ट १९३१ रोजीं मिरजेंत त्यांचा अंत झाला. पुत्र दत्तात्रेय तेव्हां अवघा दहा वर्षांचा होता.

व्यवहाराच्या तराजूंत तोलल्यास हा उद्योग बुडाला असेंच म्हणावें लागेल. परंतु त्यांचें भांडवल विटांत नव्हतें, माणसांत होतें. त्यावर कोणा सावकाराला जप्ती आणतां आली नाहीं. त्याच १९३१ सालीं शिष्यांनीं गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिलें. विनायकबुवा पटवर्धन कांहीं वर्षें गंधर्व नाटक मंडळींत भूमिका करीत होते. १९३२ सालीं रंगभूमि सोडून त्यांनीं पुण्यांत विद्यालय काढलें. नारायणराव व्यासांचा आवाज ग्रामोफोनच्या तबकड्यांनीं घरोघरीं नेला. बा. र. देवधरांनीं मुंबईंत संगीताची शाळा चालविली आणि तेथेंच कुमार गंधर्व शिकले. ओंकारनाथ ठाकूर काशीच्या हिंदु विश्वविद्यालयांत संगीताचे आचार्य झाले. १९२७ सालीं मुंबईस नभोवाणी सुरू झाली, तेव्हां गवयाच्या उपजीविकेला आणखी एक वाट मिळाली. आणि त्या वाटेनें जावयास शिकलेले, वक्तशीर व लिहितेवाचते कलावंत सिद्ध होते.

आज चेंबूर, घाटकोपर, मुलुंड अशा उपनगरांत लहानशा खोलींत तंबोरा जुळवून मुलांना परीक्षेसाठीं तयार करणारा गायनशिक्षक आढळतो. सायंकाळीं त्याच्या दाराशीं सुखवस्तु घरचे आईबाप मुलीला घेऊन येतात आणि त्याला ‘गुरुजी’ म्हणतात. बाळकृष्णबुवांना ज्या समारंभाचें आमंत्रण गेलें नाहीं, त्याचें उत्तर या एका संबोधनांत आहे. मात्र महिनाअखेर त्याच गुरुजींची फी देतांना हात आंखडता घेणारे थोडे नाहींत. मान देण्यास समाज शिकला. मोल देण्यास तो पुरतेपणीं शिकेल, तेव्हांच विष्णुबुवांचें कर्ज फिटलें असें म्हणतां येईल.