न जुळणारा नमस्कार: मधुमेह, हात आणि एका प्रश्नाचा प्रवास

दोन्ही तळवे नमस्कारासारखे जोडा आणि कोपरं बाजूला उचला. बोटं एकमेकांना पूर्ण टेकली का? बरीच वर्षं मधुमेह असलेल्या काही जणांना हे जमत नाही, सांध्यांपाशी फट राहते. वैद्यकात याला ‘प्रेअर साइन’ म्हणतात. हे सहसा दुखत नाही, त्यामुळे कुणी तक्रारही करत नाही. मग त्यावर संशोधन झालं कसं?

१९२२ मध्ये इन्सुलिनचे उपचार सुरू झाले. त्याआधी टाइप १ मधुमेहाची मुलं फार काळ जगतच नसत. म्हणजे हात आखडायला लागणारी वर्षं इन्सुलिनने मिळवून दिली. १९५७ मध्ये डेन्मार्कच्या क्नुड लुंडबेक यांनी दीर्घकालीन मधुमेहातल्या ताठर हातांवर लेख लिहिला. १९७४ मध्ये अमेरिकेत रोझेनब्लूम आणि फ्रायस यांनी तीन तरुण रुग्णांची नोंद केली: उंची कमी, त्वचा जाड आणि सांधे आखडलेले.

तीन रुग्ण म्हणजे किती तोकडा पुरावा! पण रोझेनब्लूम तिथे थांबले नाहीत. त्यांच्या गटाने शेकडो मधुमेही मुलांचे हात तपासले आणि प्रश्नच बदलला: हा ताठरपणा पुढचं काही सांगतो का? उत्तर १९८१ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलं. १६ वर्षांच्या मधुमेहानंतर डोळे, मूत्रपिंड अशा ठिकाणच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका सांधे आखडलेल्यांमध्ये ८३ टक्के होता, इतरांमध्ये २५ टक्के.

इथे जरा थांबा. आखडलेलं बोट डोळा बिघडवत नाही. रक्तातली जादा साखर एन्झाइमशिवायच प्रथिनांना चिकटते. कोलॅजन शरीरात फार सावकाश बदललं जातं, म्हणून त्यात हे बंध साचत जातात आणि त्वचा व सांध्यांभोवतालच्या ऊती ताठर होतात. दीर्घकाळची जादा साखर सूक्ष्म रक्तवाहिन्यांचंही नुकसान करते. म्हणजे दोन्हींच्या मुळाशी तीच साखर. फरक इतकाच, की हात उपकरणाशिवाय दिसतो.

पुढचा टप्पा मला सगळ्यात आवडतो. १९९८ मध्ये त्याच गटाने पुन्हा मुलांचे हात तपासले. १९७६-७८ मध्ये सुमारे ३१ टक्के मुलांत आढळलेला ताठरपणा आता ७ टक्क्यांवर आला होता. साखरेचं नियंत्रण सुधारल्याचं हे फळ असावं, असा निष्कर्ष निघाला. ‘असावं’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण ही दोन काळांची तुलना आहे, प्रयोग नाही.

तुमचा प्रस्ताव लिहिताना हे चार प्रश्न वेगवेगळे लिहून काढा: काय दिसतं, किती जणांत दिसतं, त्यावरून काय ओळखता येतं आणि ते का घडतं. एकाचं उत्तर मिळालं म्हणून दुसऱ्याचं मिळालं, असं होत नाही.