गोवारी शहीद स्मारक, नागपूर
२३ नोव्हेंबर १९९४ रोजी विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनावर आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात लाठीमार व चेंगराचेंगरी होऊन ११४ जण मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ झिरो माइल परिसरात उभारलेली वास्तू. मृतांत बायका-मुलेच अधिक होती. गुरे राखणारा हा समाज भंडारा, गोंदिया, नागपूरकडचा. मागणी अनुसूचित जमातीच्या सवलतींची होती. ती घटना नरसंहाराच्या व्याख्येत बसत नाही, पण या स्मारकापुढचा प्रश्न नरसंहाराच्या स्मारकांपुढे असतो तोच आहे: एवढे मरण दगडात कसे मांडावे? येथे जागाच सर्वांत बोलकी आहे. विधानभवन जवळच आहे. दरवर्षी २३ नोव्हेंबरला गावोगावचे गोवारी येथे जमतात. सीताबर्डीच्या उड्डाणपुलालाही या शहिदांचे नाव आहे.