शब्द कोणाचे?

नागपूरच्या प्रतापनगरातला एखादा दुसरीचा वर्ग डोळ्यांसमोर आणू. हजेरी चालू आहे. एका मुलीचे नाव घेतले, पण उत्तर आले नाही. शेजारची मैत्रीणच म्हणते, "मॅडम, ती आहे." ती आहेच. तिला ऐकू येते, कळतेही. फक्त तोंडातून शब्द उमटत नाहीत. अशा मुलीसाठी आपण शिक्षक बहुधा पुठ्ठ्याचा एक तक्ता करतो : पाणी, भूक, शू, घर. तक्ता उपयोगी असतोच. पण 'मला हे गाणे नको', 'तो मला चिडवतो', 'पुन्हा सांगा' हे तिने कशाने सांगायचे? न बोलणाऱ्या मुलांसाठी साधने घडवण्याचा इतिहास पाहिला, तर हाच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो.

सुरुवात मुंबईपासून करू. १९६६ मध्ये जन्मलेल्या मालिनी चिब यांना सेरेब्रल पाल्सी आहे. या अवस्थेत स्नायूंवर मेंदूचा ताबा नीट राहत नाही. काहींना उच्चारही स्पष्ट करता येत नाहीत. पण उच्चार नाहीत म्हणजे बुद्धी नाही, हा समज सर्रास असे. मालिनी यांच्या आई मिथू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली आणि अशा मुलांसाठी शाळा सुरू केली. मालिनी पुढे सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकल्या, लंडनमध्ये दोन पदव्युत्तर पदव्या मिळवल्या आणि एका बोटाने टंकलेखन करून आत्मचरित्र लिहिले. त्याचे नावच 'वन लिटल फिंगर'.

पण टंकलेखनासाठी आधी अक्षरे यायला हवीत. ज्या मुलाला अजून वाचता येत नाही, त्याचे काय? याचे एक उत्तर कॅनडात सापडले. चार्ल्स ब्लिस हे मूळचे ऑस्ट्रिया-हंगेरीतले रसायन अभियंता. नाझींच्या छळछावण्यांतून सुटून ते शांघायला पोहोचले. निरनिराळ्या बोली बोलणारे चिनी लोक एकच लिपी वाचतात, हे त्यांनी तिथे पाहिले. त्यावरून त्यांनी चित्रचिन्हांची एक भाषा रचली आणि १९४९ मध्ये ती प्रसिद्ध केली. हृदय म्हणजे भावना. त्याच्याजवळ वर जाणारा बाण काढला की आनंद, खाली जाणारा काढला की दुःख. जगातली भांडणे या भाषेने मिटावीत, ही ब्लिस यांची इच्छा होती. ती फळली नाही. मात्र १९७१ मध्ये टोरोंटोच्या शर्ली मॅकनॉटन या शिक्षिकेने ही चिन्हे सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसमोर ठेवली, आणि बोट किंवा नजर रोखून मुले बोलू लागली. ब्लिस आधी हरखले, मग रागावले. शिक्षिकांनी आपल्या चिन्हांत फेरफार करू नयेत, असा त्यांचा आग्रह होता. वाद बरीच वर्षे चालला. ज्याने साधन शोधले, त्यालाच ते मुलांच्या हाती मोकळेपणाने सोपवणे जड गेले.

याहून कठीण धडा पुढे मिळाला. १९९० च्या सुमारास अमेरिकेत एक पद्धत वेगाने पसरली. सहायकाने स्वमग्न मुलाचा हात धरायचा आणि मुलाने अक्षरे दाबायची. सुंदर वाक्ये उमटू लागली. आईवडिलांच्या डोळ्यांत पाणी आले. १९९३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील एका केंद्रात या पद्धतीची साधी कसोटी घेण्यात आली. मुलाला एक चित्र दाखवले, सहायकाला न कळत दुसरेच. उत्तरे आली ती सहायकाने पाहिलेल्या चित्रांची! सहायक लबाड नव्हते; आपलाच हात अक्षरे निवडतो आहे, हे त्यांना कळत नव्हते. म्हणजे माया खरी होती, पण शब्द मुलाचे नव्हते.

आता आपल्याकडचे एक साधन पाहू. मुंबईच्या आयआयटीतील आयडीसी या अभिकल्प विभागात २०१० नंतरच्या दशकात 'जेलो' हे अ‍ॅप तयार झाले. ते मराठीतही बोलते. पडद्यावर चित्रे असतात आणि कडेला सहा बटणे : आवडते, हो, अजून, आवडत नाही, नाही, कमी. चित्र दाबून यांतले एक बटण दाबले की पूर्ण वाक्य ऐकू येते. आम्हांला यात महत्त्वाची वाटली ती नकाराची बटणे. मागणे तर रडूनही कळवता येते. मत सांगायला शब्द लागतात.

अशा साधनांमुळे मूल बोलायचा कंटाळा करील, अशी भीती पालकांना वाटते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात विश्वासार्ह पुरावा असलेली २७ उदाहरणे तपासली गेली. त्यांपैकी एकाचेही बोलणे घटले नव्हते. बहुतेकांचे वाढले होते. शिवाय २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अशा पर्यायी संवादपद्धतींचा शिक्षणात वापर वाढवण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे.

टॅब्लेट मिळेपर्यंत पुठ्ठा पुरे. त्यावर 'नको', 'अजून', 'पुन्हा सांगा' ही चित्रे आधी चिकटवू. पुढची चित्रे मुलीलाच निवडू देऊ. तिचा हात धरू नये. प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात दहा अंक मोजत थांबावे. आणि एखाद्या दिवशी तिने आपल्या धड्यावर बोट 'नको'वर ठेवले, तर रागावण्याआधी लक्षात घ्यावे की ती बोलली आहे.