अर्ज वर गेला, जाहीरनामा खाली आला

मंडळी, जन्मात कधी अर्ज लिहिला नाही असा माणूस गावात सापडायचा नाही. पांदण रस्त्यावर मुरूम टाका म्हणून अर्ज, विहिरीची नोंद सातबाऱ्यावर चढवा म्हणून अर्ज, मुलाला वसतिगृहात जागा द्या म्हणून अर्ज. त्याची भाषाही आपल्याला तोंडपाठ असते. विनंतीने सुरुवात करायची, मधे गाऱ्हाणे मांडायचे, आणि शेवटी आपला नम्र म्हणून सही करायची. अर्ज हा खालून वर जाणारा कागद.

दुसरा एक कागद आहे, तो वरून खाली येतो. तो चावडीच्या भिंतीवर चिकटवतात, नाहीतर पूर्वी कोतवाल दवंडी पिटून त्यातला मजकूर सांगत असे. हा जाहीरनामा. त्यात विनंती नसते. सर्व लोकांस कळावे की अमुक ठरले आहे, एवढेच त्यात असते.

आज तुम्हांला या दोन कागदांची हकीकत सांगायची आहे. एखाद्या मुलखात लढाई पेटली की आपण तोफा मोजतो, तलवारी मोजतो. पण तलवार म्यानातून निघण्याआधी कित्येक वर्षे कागद लढत असतात. १८५७ च्या आधी नागपुरात, साताऱ्यात, झाशीत असे पुष्कळ कागद लिहिले गेले, काही तर छापलेही गेले. पुढे जे घडले त्याचा एक धागा या कागदांतून जातो.

प्रथम आपल्या नागपूरचेच बघू. धरमपेठेतून पूर्वेकडे चालू लागलात की थोड्या वेळात सीताबर्डीची टेकडी लागते. १८१७ च्या नोव्हेंबरात याच टेकडीवर भोसल्यांची फौज आणि इंग्रज यांची लढाई झाली. भोसले हरले. राज्य राहिले, पण दरबारावर इंग्रजांच्या रेसिडेंटचा वचक बसला. पुढे ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी भोसले वारले. त्यांना मुलगा नव्हता, आणि हयातीत त्यांनी दत्तकही घेतला नव्हता. नात्यातल्या यशवंतराव अहिरराव या मुलाच्या हातून क्रियाकर्म झाले, आणि राणीवशाने त्याला जानोजी हे नाव देऊन दत्तक मानले. आपल्या रीतीप्रमाणे विधवेने घराण्यासाठी दत्तक घेणे यात नवल काहीच नव्हते.

पण गव्हर्नर जनरल डलहौसीने २८ जानेवारी १८५४ रोजी कलकत्त्यात एक लांबलचक टिपण लिहिले आणि नागपूरचे राज्य बेवारस ठरवले. सुमारे ८०,००० चौरस मैलांचा मुलूख! त्या टिपणात कायद्याचा कीस तर होताच, पण शेतकरी मंडळी, इथे जरा कान द्या, कापसाचाही हिशेब होता. इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस हवा होता आणि तो पिकत होता आपल्या काळ्या जमिनीत. मार्च १८५४ मध्ये राज्य खालसा झाले.

आता राणीवशाच्या हातात काय उरले? कागद आणि शाई. दुसऱ्या रघूजींची विधवा बाकाबाई तेव्हा पंचाहत्तरीच्या घरात होती. घरातली ती वडीलधारी. तिच्या आणि राण्यांच्या नावाने अर्जांमागून अर्ज गेले. दत्तक मान्य करा, राज्य घराण्याकडे ठेवा, निदान आमची खासगी चीजवस्तू तरी आमच्याकडे राहू द्या. वकील पाठवले, पैसा खर्च झाला. उत्तर आले ते जाहीर लिलावाच्या रूपाने. राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला उभे करून कवडीमोलाने विकले. जडजवाहीर कलकत्त्याला विक्रीस गेले. बाकाबाईने हरकत घेतली, तिचीही गणना अर्जांतच झाली. ज्या बाजारात आज आपण लुगडी आणि वह्या घेतो, त्याच भागात एका राज्याचे गोठे रिकामे झाले.

याच हंगामात झाशीत काय चालले होते? तिथले गंगाधरराव २१ नोव्हेंबर १८५३ रोजी गेले, म्हणजे नागपूरच्या रघूजींच्या आधी अवघे वीस दिवस. त्यांनी तर मरणाच्या आदल्या दिवशी इंग्रज अधिकाऱ्यांसमक्ष दत्तक घेतला होता. राणी लक्ष्मीबाईनेही तलवारीला हात घालण्यापूर्वी खलिते लिहिले. जुने करार काढून दाखवले. पण तिचेही म्हणणे फेटाळले गेले.

नागपूर-झाशीचे हे कागद हाताने लिहिलेले. ते कचेरीत गेले आणि दप्तरात बंद झाले. रयतेला त्यांचा पत्ताच नाही. पण आपल्यापैकीच एका माणसाने अर्ज छापून काढण्याची युक्ती केली होती, आणि तीही सातासमुद्रापार. तो माणूस म्हणजे रंगो बापूजी.

साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्यावर कटाचा आळ घालून इंग्रजांनी १८३९ मध्ये त्यांना पदच्युत केले आणि काशीला पाठवले. महाराजांची मागणी साधी होती. आरोप ठेवता ना, मग उघड चौकशी करा, आमचे म्हणणे ऐका. हे सांगायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि थोडीथोडकी नव्हे, जवळजवळ चौदा वर्षे तिथे राहिले. परकी हवा, परकी भाषा, खिशात दमडी नाही अशी पाळी आली, तरी त्यांनी पिच्छा सोडला नाही. कंपनीच्या भागीदारांच्या सभेत ते बोलले. साताऱ्याच्या बाजूने निवेदने, पत्रे, भाषणे यांच्या पुस्तिका इंग्रजीत छापून निघाल्या. जोसेफ ह्यूमसारख्या सभासदांनी पार्लमेंटात हा प्रश्न मांडला. पण इकडे १८४७ साली महाराज काशीस वारले, १८४८ साली त्यांचे भाऊ शहाजी गेले, आणि दत्तक घेतलेला असूनही सातारा खालसा झाला. रंगो बापूजी हात हलवीत परत आले.

तुम्ही विचाराल, अर्ज छापायचा कशाला? साहेबाला एक प्रत दिली की झाले! त्याचे उत्तर लंडनच्याच इतिहासात आहे. तिथे राजा आणि पार्लमेंट यांच्यात १६४२ साली यादवी युद्ध पेटले. त्याआधीची दोन वर्षे म्हणजे कागदांचा नुसता पूर होता. १६४० च्या डिसेंबरात लंडनच्या सुमारे १५,००० लोकांनी सह्या करून बिशपांची सत्ता मोडा असा अर्ज पार्लमेंटाला दिला. पुढल्या वर्षी छापखान्यांवर वचक ठेवणारे राजाचे न्यायालय बंद झाले आणि अर्ज रस्त्यारस्त्यावर विकले जाऊ लागले. नोव्हेंबर १६४१ मध्ये पार्लमेंटाने राजाच्या चुकांचे एक लांबलचक गाऱ्हाणे १५९ विरुद्ध १४८ मतांनी मंजूर केले आणि पुढे ते छापले. पुष्कळ सभासद यावरच चिडले. त्यांचे म्हणणे असे की गाऱ्हाणे राजाला सांगायचे असते, त्याची लोकांत दवंडी कशाला? बघा, तिढा इथेच आहे. हाताने लिहिलेला अर्ज वरच्याला सांगतो. छापलेला अर्ज वरच्याला सांगतो आणि त्याच वेळी आजूबाजूच्यांनाही साक्षीला बोलावतो.

मग राजाही आपली उत्तरे छापू लागला. १६४२ च्या उन्हाळ्यात एकाच गावाला दोन हुकूम येऊ लागले. पार्लमेंट म्हणे आमच्यासाठी माणसे जमवा, राजा म्हणे माझ्यासाठी जमवा. २२ ऑगस्टला राजाने नॉटिंगहॅमला निशाण उभारले आणि भाऊ भावावर उठला. थॉमसन नावाच्या एका पुस्तकविक्याने त्या वीस वर्षांत निघालेली सुमारे २२,००० चोपडी आणि पत्रके जपून ठेवली, म्हणून हे आपल्याला इतके बारकाईने कळते.

अशा शहरात रंगो बापूजींनी छापखान्याचा आधार घेतला हे योग्यच होते. पण एक उणीव राहून गेली. पुस्तिका इंग्रजीत, आणि त्या वाचणारे लंडनचे साहेब. ज्या रयतेच्या राज्याबद्दल हे सारे चालले होते, ती मावळातली रयत यातले अक्षरही वाचू शकत नव्हती. इकडे मुंबईस १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढले, पुढे भाऊ महाजनांचे 'प्रभाकर' आले, १८४९ ला पुण्यात 'ज्ञानप्रकाश' निघाले. १८५२ साली जगन्नाथ शंकरशेट, भाऊ दाजी आदी मंडळींनी बॉम्बे असोसिएशन स्थापन करून पार्लमेंटाला रीतसर अर्जही केला. छापील शब्दाची वाट उघडत होती, पण ती खेड्यापर्यंत अजून पोचली नव्हती. खेड्यापर्यंत पोचत होत्या त्या अफवा.

आणि मग १८५७ उजाडले. १३ जून ही तारीख मुलांकडून पाठ करून घ्यावी अशी आहे. त्या दिवशी कलकत्त्यात सरकारने कायदा केला की परवान्यावाचून कोणी छापखाना चालवू नये. आणि त्याच रात्री नागपुरात, टाकळीच्या घोडदळाने उठाव करायचा बेत ठरला होता. बेत फुटला. इंग्रज सीताबर्डीच्या टेकडीवर जमले, कामठीची मद्रासी फौज सरकारच्या बाजूला राहिली, घोडदळाची हत्यारे काढून घेतली गेली आणि काही जणांना फाशी झाली. म्हणजे इथेही आपलीच माणसे दोन बाजूंना उभी होती.

आणि बाकाबाई? जिचे सर्व अर्ज फेटाळले, जिच्या डोळ्यांदेखत लिलाव झाला, तिने आपले वजन शांततेच्या पारड्यात टाकले. म्हणून कोणी असे म्हणू नये की अर्ज नाकारला की माणूस बंड करतोच. शिपायांचे पगार आणि काडतुसे, जमिनीचे सारे, धर्माची भीती, अशी अनेक कारणे एकत्र आली. परंतु लक्ष्मीबाई लढली, आणि रंगो बापूजींचे नाव साताऱ्याच्या कटात पुढे आले. ते निसटले ते कायमचेच, कुणाच्या हाती लागले नाहीत. त्यांचा मुलगा सीताराम याच्यासह १७ जणांना ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्यास गेंडामाळावर ठार करण्यात आले. चौदा वर्षे अर्ज करणाऱ्या माणसाच्या घरात हे घडले.

अर्ज संपले तसे जाहीरनामे सुरू झाले. नानासाहेब पेशव्यांनीही आधी पेन्शनीसाठी अर्ज केले होते, अझीमुल्लाखानांना लंडनला धाडले होते. आता जुलै १८५७ मध्ये कानपुराहून त्यांच्या नावाने जाहीरनामा निघाला. त्यात काडतुसांची गोष्ट होती, तशीच विलायतेहून येणारी इंग्रज फौज मिसरच्या समुद्रात बुडवली गेली अशी साफ खोटी बातमीही होती. जाहीरनामा म्हटला की त्यात खरे आणि हवेसे वाटणारे यांची अशी मिसळ असायची. दुसरा एक जाहीरनामा ऑगस्टात आझमगढ भागातून निघाला. त्यात जमीनदार, व्यापारी, नोकरदार, कारागीर, पंडित आणि फकीर यांची गाऱ्हाणी एकेक करून मांडली होती. वाचताना वाटते, हा अर्जच की! फक्त वरचा मायना बदललेला. जे साहेबाने ऐकले नाही ते आता लोकांना सांगितले जात होते.

शेवटी १ नोव्हेंबर १८५८ रोजी अलाहाबादेस राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा वाचला गेला आणि देशी भाषांतून गावोगाव पोचवला गेला. कंपनीचे राज्य गेले. संस्थानिकांचे करार पाळू, मुलूख वाढवणार नाही, धर्मात हात घालणार नाही, अशी वचने त्यात होती. अवधच्या बेगम हजरत महलने त्याला उलट जाहीरनामा काढून विचारले की मागचे करार मोडले तेव्हा ही वचने कुठे होती? तरी पुढच्या चार वर्षांत संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा मिळाल्या. नागपूरच्या जानोजींना देऊरचे राजेबहादूर ही पदवी मिळाली, राज्य मात्र मिळाले नाही.

आता हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवा. १८५३-५४ चा राणीवशाचा अर्ज आणि १८५८ चा राणीचा जाहीरनामा. पहिल्यात जे मागितले, त्यातले तत्त्व दुसऱ्याने कबूल केले. मध्ये गेली चार-पाच वर्षे आणि हजारो माणसे. जे टपालाच्या खर्चात ऐकून घेता आले असते, ते इतक्या रक्ताने ऐकावे लागले.

गुरुजनहो, इतिहासाच्या तासाला मुलांना लढायांच्या तारखा जरूर सांगा, पण सोबत एखादा असा कागदही वाचायला द्या. तो कोणी कोणाला लिहिला? वर चालला आहे की खाली? कोणत्या भाषेत आहे, आणि ज्यांच्याबद्दल आहे त्यांना तो वाचता येत होता का? त्यातले पडताळलेले किती आणि ऐकीव किती? एवढे चार प्रश्न मुले विचारू लागली तरी पुष्कळ झाले. गावात कुणाच्या पेटीत मोडी लिपीतला जुना कागद असेल तर तो उंदीर-वाळवीच्या तावडीतून काढून जाणत्याला दाखवा. कुणी सांगावे, एखादा न ऐकलेला अर्ज अजून तिथे पडून असेल.

आणि उद्या तुम्ही कचेरीत अर्ज द्याल, तेव्हा पोच घ्यायला विसरू नका. पण जो माणूस टेबलाच्या पलीकडे बसतो, त्यालाही एक सांगणे आहे. पोच दिली म्हणजे उत्तर दिले असे होत नाही. बाकाबाईच्या अर्जांचे काय झाले, हे सीताबर्डीच्या टेकडीने पाहिले आहे.