उकिडवी बसणारी मुलगी

२०२१च्या एप्रिलमध्ये आमच्या घरी ऑक्सिमीटर आला. चौलजवळच्या आमच्या वाडीत तेव्हा घरटी एक जण तरी खोकत होता. आजीचं बोट त्या चिमट्यात घातलं, आकडा आला ९६.

"म्हणजे काय गो?" तिने विचारलं.

मी सांगितलं, रक्तात ऑक्सिजन किती आहे ते कळतं. पंच्याण्णवच्या वर असला की काळजी नाही. फार खाली गेला की ओठ, नखं निळी पडतात.

आजी बराच वेळ त्या बोटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या थोरल्या आत्याचा कितीवर असता?"

मला दोन आत्या आहेत हे मला माहीत होतं. तिसरी, सगळ्यांत थोरली, होती हे तिशी गाठेपर्यंत मला कोणी सांगितलं नव्हतं. घरात तिचा फोटो नाही, कागद नाही. १९५९ला जन्मली आणि १९६८च्या श्रावणात गेली, एवढंच आजीच्या हिशेबात पक्कं होतं.

बाकी आजीला सगळं आठवत होतं. रडली की पोर काळीनिळी व्हायची. बोटांची टोकं फुगून गोल झाली होती. आणि शाळेत जाताना थोडं चाललं की रस्त्यातच उकिडवी बसायची. गुडघे पोटाशी घेऊन, मान खाली घालून. जरा वेळाने उठायची आणि पुन्हा चालायला लागायची. गावातली पोरं तिला 'बसकी' म्हणायची.

"मी दंडाला धरून उठवायची," आजी म्हणाली. "म्हणायची, चालायचा कंटाळा येतो बयेला."

नजर लागली म्हणून मीठ-मिरची ओवाळून झाली. भगत झाला. डॉक्टरांनी टॉनिक दिलं. आजोबांनी ठरवलं होतं, पाऊस संपला की मुंबईला न्यायचं. पाऊस संपायच्या आधी ती संपली.

हे वर्णन मी नंतर एका बालहृदयरोगतज्ज्ञांना ऐकवलं. तपासणीशिवाय काहीच खात्रीने सांगता येणार नाही, असं त्यांनी आधी बजावलं. मग म्हणाले, "पण निळं मूल उकिडवं बसतंय असं ऐकलं की आम्हाला पहिल्यांदा फॅलो आठवतो."

एतिएन-लुई आर्थर फॅलो हा फ्रान्समधल्या मार्सेचा डॉक्टर. १८८८मध्ये त्याने दाखवून दिलं की निळ्या पडणाऱ्या अनेक रुग्णांच्या हृदयात तेच चार दोष एकत्र सापडतात. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र, फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद, महाधमनी सरकून त्या छिद्रावर आलेली आणि उजवा कप्पा जाड झालेला. फुप्फुसाची वाट चिंचोळी असल्यामुळे अशुद्ध रक्त छिद्रातून पलीकडे जातं आणि शुद्ध न होताच शरीरभर फिरतं. म्हणून ओठ निळे. यालाच आज टेट्रालॉजी ऑफ फॅलो म्हणतात.

आता उकिडवं बसण्याचं बघा. गुडघे पोटाशी दाबले की पायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. शरीराकडे जाणारी वाट अवघड झाली की उजवीकडचं रक्त छिद्रातून पळण्याऐवजी त्यातल्या त्यात फुप्फुसाकडे वळतं. थोडा जास्त ऑक्सिजन मिळतो, दम थांबतो. म्हणजे रस्त्यात बसणारं मूल आळशी नसतं. कोणी न शिकवता ते स्वतःवर इलाज करत असतं.

ही गोष्ट वैद्यकशास्त्राने गांभीर्याने घेतली त्यात मोठा वाटा हेलन टॉसिग यांचा. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये १९३०पासून त्या मुलांच्या हृदयाचा दवाखाना बघत होत्या. त्यांना ऐकू फार कमी यायचं. म्हणून त्या मुलाच्या छातीवर बोटं ठेवून ठोके समजून घ्यायच्या, समोरच्याचे ओठ वाचायच्या आणि मुलं कशी चालतात, कधी बसतात हे टक लावून बघायच्या. निळ्या मुलांच्या उकिडवं बसण्याकडे त्यांनी बारकाईने लक्ष दिलं.

अशा मुलांना फुप्फुसाकडे जास्त रक्त हवं आहे, तर मग तशी वाट करून देता येईल का, असा प्रश्न त्यांनी सर्जन आल्फ्रेड ब्लेलॉक यांच्यापुढे ठेवला. वाट शोधायचं काम ब्लेलॉक यांचे सहकारी व्हिव्हियन थॉमस यांनी प्रयोगशाळेत केलं. थॉमस कृष्णवर्णीय, सुताराचे चिरंजीव. पैशाअभावी त्यांना कॉलेजला जाता आलं नव्हतं. २९ नोव्हेंबर १९४४ला पंधरा महिन्यांच्या एका मुलीवर ही शस्त्रक्रिया झाली. हाताकडे जाणारी रक्तवाहिनी फुप्फुसाच्या रक्तवाहिनीला जोडायची, अशी ती युक्ती. थॉमस ब्लेलॉक यांच्या मागे उभे राहून सूचना देत होते. ती मुलगी पुढे काही महिनेच जगली, पण वाट सापडली होती. हॉपकिन्सने थॉमस यांना मानद डॉक्टरेट दिली ती १९७६मध्ये.

माझी आत्या जन्मायच्या पंधरा वर्षं आधीची ही गोष्ट.

त्यानंतरचा एक प्रसंग मी आजीला सांगितला तेव्हा तिने तो पुन्हा सांगायला लावला. हृदय उघडून आतलं छिद्र शिवायचं, तर तेवढा वेळ हृदयाचं काम दुसऱ्या कोणीतरी करायला हवं. तसं यंत्र १९५३मध्ये एकदा यशस्वी झालं होतं, पण त्यावर भरवसा ठेवता येत नव्हता. २६ मार्च १९५४ला मिनेसोटा विद्यापीठात डॉ. वॉल्टन लिलेहाय यांनी यंत्राच्या जागी बापालाच झोपवलं. शेजारी शेजारी दोन टेबलं. मुलाचं रक्त नळीतून बापाच्या अंगात जायचं, बापाच्या फुप्फुसात शुद्ध व्हायचं आणि परत मुलाकडे यायचं. शस्त्रक्रिया नीट झाली. मूल अकरा दिवसांनी न्यूमोनियाने गेलं.

ही एकच अशी शस्त्रक्रिया आहे जिच्यात दोन माणसं दगावू शकतात, अशी टीका तेव्हा झाली. तरी साधारण वर्षभरात अशा ४५ शस्त्रक्रिया झाल्या आणि २८ मुलं घरी परतली. बहुतेक वेळा दुसऱ्या टेबलावर आई किंवा वडील होते. त्यांतलं कोणी दगावलं नाही, पण एकाला गंभीर इजा झाली. पुढे यंत्रं सुधारली आणि दुसरं टेबल गेलं.

"आम्हाला विचारलं असतं तर हे झोपले असते," आजी आजोबांबद्दल म्हणाली. "पण विचारायला कोणी पाहिजे ना."

विचारणारे तसे फार लांब नव्हते. मांडव्याच्या किनाऱ्यावरून रात्री मुंबईचे दिवे दिसतात. मधलं पाणी वीस किलोमीटरच्या आसपास. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला वेल्लोर आणि मुंबईत यंत्राच्या मदतीने हृदय उघडून शस्त्रक्रिया व्हायला लागल्या होत्या. फेब्रुवारी १९६८मध्ये परळच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातलं पहिलं हृदयरोपण केलं. केप टाउनमध्ये ख्रिस्तियान बार्नार्ड यांनी जगातलं पहिलं करून तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते. रुग्ण काही तासांतच गेला, तरी शस्त्रक्रियेची बातमी जगभर झाली.

त्याच वर्षीच्या श्रावणात, खाडीच्या या बाजूला, आत्या गेली. तिच्या छातीला कोणी स्टेथोस्कोप नीट लावला होता की नाही, तेही आजीला सांगता येत नव्हतं.

आजोबा पाऊस संपायची वाट का बघत होते, हे आमच्या पिढीला पटकन कळत नाही. तेव्हा मुंबईला जायचं म्हणजे एसटीने रेवस, तिथून लाँचने भाऊचा धक्का आणि मग परळ. १७ जुलै १९४७ला, अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. अलिबाग आणि आसपासच्या कितीतरी गावांत सुतक होतं. ज्यांनी ते सुतक पाहिलं होतं, ते नऊ वर्षांच्या आजारी पोरीला घेऊन पावसात लाँचमध्ये बसणार नव्हते. मला हे आधी अडाणीपण वाटायचं. आता तो हिशेब वाटतो. एका बाजूला पोर बरं होईल याची खात्री नाही, आजाराचं नावही माहीत नाही, आणि दुसऱ्या बाजूला समुद्र.

आजाराच्या इतिहासात सर्जनांची नावं असतात, शस्त्रक्रियांच्या तारखा असतात. आमच्या किनाऱ्यावरून बघितलं तर तोच इतिहास तीन अंतरांचा दिसतो. कळण्याचं अंतर, पोचण्याचं अंतर आणि पैशाचं अंतर. शास्त्राला १९४४मध्ये वाट सापडली म्हणून ती चौलला सापडत नाही. तिन्ही अंतरं कमी व्हायला पुढची पन्नास-साठ वर्षं लागली.

पैशाचं अंतर कमी करायचा प्रयत्न राज्याने १९९७मध्ये जीवनदायी योजनेने सुरू केला. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना हृदय, मेंदू, मूत्रपिंड अशा मोठ्या आजारांसाठी ती होती. २ जुलै २०१२ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आली, पहिल्या टप्प्यात आठ जिल्ह्यांत, आणि त्यांत रायगड होता. तेव्हा पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डावर कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार मिळायचे. आज तीच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना.

कळण्याचं अंतर कमी करायला २०१३च्या फेब्रुवारीत पालघरमधून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. डॉक्टरांची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत जाऊन मुलं तपासतात. जन्मजात हृदयदोष त्यांच्या यादीत आहे. आणि पोचण्याचं अंतर म्हणाल, तर मार्च २०२०पासून मांडव्याहून रो-रो बोटीत गाडी चढवता येते. आपल्याच रायगड जिल्ह्यात, खारघरला, श्री सत्य साई संजीवनीचं मुलांच्या हृदयाचं हॉस्पिटल आहे. तिथे शस्त्रक्रियेचे पैसे घेत नाहीत.

हे सगळं खरं आहे. तरी माझ्या चुलत बहिणीच्या मुलीचं काय झालं ते ऐका.

ती २०२०ची. दूध पिताना घामाने भिजायची, दोन घोट घेऊन थांबायची, वजन वाढत नव्हतं. बहीण सांगत राहिली, हिचं काहीतरी वेगळं आहे. सगळे म्हणायचे, कोकणातला उकाडा, घाम येणारच. करोनात अंगणवाडी बंद होती. ती उघडल्यावर पथक आलं, डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि ठोक्यांमधला वेगळा आवाज त्यांना ऐकू आला. टू-डी इको झाला. हृदयाला छिद्र होतं. रेशनकार्डावर पोरीचं नाव घातलेलं नव्हतं, त्यात पुढचे दोन महिने गेले. २०२३मध्ये शस्त्रक्रिया झाली.

पैसे योजनेतून सुटले, पण बाकीचं घराला करावं लागलं. बहीण वॉर्डात. भाऊजींची टेम्पोची फेरी बंद, रात्री झोपायला जिन्याखालची जागा. थोरला मुलगा आजोळी, आई कधी येणार म्हणून रुसलेला. घरी परत आल्यावर पहिला सल्ला मिळाला तो हा की मुलीच्या छातीवरचा व्रण कोणाला दाखवू नका, पुढे लग्नाला अडचण येईल. तेव्हा मला कळलं, आमच्या घरातून आत्याचं नाव कसं पुसलं गेलं असेल. धाकट्या दोघींची लग्नं व्हायची होती.

बहिणीने तो सल्ला ऐकला नाही. पोरगी आज फ्रॉकचा गळा खाली ओढून दाखवते, "ही माझी चेन."

लहान मूल दूध पिताना दमत असेल, घामाघूम होत असेल, रडताना ओठ-जीभ निळी पडत असेल, चालता चालता उकिडवं बसत असेल, तर ते सांगणाऱ्या बाईचं ऐका. ती बहुतेक वेळा त्या मुलाची आई किंवा आजी असते आणि बहुतेक वेळा तिला गप्प केलं जातं. टॉसिगबाईंनी जे बाल्टिमोरमध्ये पाहिलं, तेच माझ्या आजीने चौलच्या रस्त्यावर पाहिलं होतं. त्याचा अर्थ सांगणारं माणूस मात्र तिला भेटलं नाही.

अर्थ मी सांगितला, पन्नासहून जास्त वर्षं उशिरा. आत्याचं ते बसणं म्हणजे तिचं औषध होतं, हे ऐकल्यावर आजी गप्प झाली. मग म्हणाली, "आणि मी उठवायची."

मी म्हटलं, "तुला ठाऊक नव्हतं आजी. तेव्हा गावात कोणालाच ठाऊक नव्हतं." ते खरं होतं, पण तिच्या कामाचं नव्हतं.

शस्त्रक्रियेनंतर पोरीला बघायला आजीला घेऊन गेले, तेव्हा ऑक्सिमीटर ती स्वतः पिशवीत घालून आली होती. पोरीचं बोट चिमट्यात धरलं. आकडा आला ९८. आजीने मला तो दोनदा वाचायला लावला. मग ती पोरगी खेळता खेळता अंगणात शंख वेचायला उकिडवी बसली आणि कोणी काही बोलायच्या आत आजी म्हणाली, "बसू दे. तिला बसू दे."