दामोदर खोरे आणि बाबासाहेबांचे जलधोरण

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणारे बाबासाहेब आपल्या प्रत्येक वक्त्याला ठाऊक आहेत. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असलेले, आणि त्या नात्याने देशातील नद्यांचा विचार करणारे बाबासाहेब मात्र आपल्याही विस्मरणात गेले आहेत. पाटबंधारे व वीज यांचे धोरण त्या वेळी मजूर खात्याकडे होते.

जुलै १९४३ मध्ये दामोदर नदीने बरद्वान जिल्ह्यात बांध फोडला. ऐन महायुद्धात कलकत्त्याचा रेल्वेमार्ग तुटला. पूर आला की बांध उंच करावा, ही सरकारची जुनी रीत. बाबासाहेबांना ती दृष्टीच अमान्य होती. ८ नोव्हेंबर १९४५ च्या कटक परिषदेत, महानदी व ओरिसातील इतर नद्यांसंबंधी बोलताना त्यांनी सांगितले की, विपुल पाणी हे संकट मानणे चूक आहे. माणसाला पाण्याच्या अतिरेकापेक्षा अभावानेच अधिक सोसावे लागते. म्हणून पाणी समुद्राकडे हाकलायचे नाही, अडवायचे. त्यातून सिंचन, वीज व जलवाहतूक साधायची.

खरी अडचण स्थापत्यशास्त्राची नव्हतीच. १९३५ च्या कायद्याने पाणी प्रांतांच्या ताब्यात दिलेले. दामोदर उगम पावते बिहारात, बुडवते बंगालला. धरणासाठी एकाने जमीन द्यावी आणि लाभ दुसऱ्याने घ्यावा, हे कोण मान्य करणार? ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्यात बाबासाहेबांनी दोन्ही प्रांतांना एकत्र बसविले. अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याच्या धर्तीवर संपूर्ण खोऱ्यासाठी एकच प्राधिकरण, हा मार्ग पुढे आला. त्यातून १९४८ च्या कायद्याने दामोदर खोरे महामंडळ उभे राहिले. आंतरराज्य नद्यांच्या तंट्यांविषयीचे कलमही (आजचे २६२) १९४९ मध्ये घटना समितीत बाबासाहेबांनीच मांडले. सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांत पेटलेल्या कलहात शोधले, हे येथे सहज आठवते.

योजनेचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. तिलैया (१९५३), कोनार (१९५५), मैथन (१९५७) व पंचेत (१९५९) एवढीच चार धरणे महामंडळाने बांधली. मूळ आराखड्यात याहून अधिक होती. परिणामी खालच्या बंगालचा पूर पुरता आवरला नाही. आणि ज्या गावांवर जलाशय पसरले, त्यांत संथाळांसारख्या आदिवासींची गावे अनेक होती. त्यांच्या पुनर्वसनाच्या तक्रारी आज झारखंड राज्य झाल्यावरही मिटलेल्या नाहीत.