तेल बदलले, ॲव्हरेज वाढले?

अमेरिकेच्या गावागावांत एक गाडी हमखास दिसते. पुढे बसायला केबिन आणि मागे उघडा हौदा. तिथे तिला 'पिकअप ट्रक' म्हणतात. शेतकरी, सुतार, गवंडी सगळे ती वापरतात, आणि पुष्कळजण नुसत्या हौसेखातरही बाळगतात. ही गाडी पेट्रोल भरपूर पिते. त्यामुळे तिच्या मालकांमध्ये एक वाद कित्येक वर्षे चालत आला आहे. इंजिनातले तेल बदलले, तर गाडीचे ॲव्हरेज वाढते का? एक म्हणतो, "पातळ तेल घातल्यापासून लिटरमागे चक्क एक किलोमीटर जास्त मिळतो." दुसरा म्हणतो, "छे! काडीचा फरक पडत नाही." दोघांकडेही वह्या असतात आणि दोघांच्याही वहीत आकडे असतात.

दोघेही प्रामाणिक आहेत असे धरून चालू. मग खरे काय? उत्तर शोधायला आपल्याला जवळजवळ दीडशे वर्षे मागे जावे लागेल, इंग्लंडमधल्या एका लहानशा भोकापर्यंत.

बूच का निघाले?

इंग्लंडमध्ये त्या काळी रेल्वेचे जाळे झपाट्याने वाढत होते. डब्यांचे आंख बेअरिंगमध्ये फिरत, तापत आणि झिजत. वंगणाने घर्षण कमी होते हे सर्वांना माहीत होते, पण का आणि किती, हे कोणालाच नीट सांगता येत नव्हते. म्हणून तिथल्या यंत्र अभियंत्यांच्या संस्थेने बोशां टॉवर या अभियंत्याकडे प्रयोगांचे काम सोपवले. त्याचा पहिला अहवाल १८८३ मध्ये प्रसिद्ध झाला.

टॉवरने सुमारे १० सेंटिमीटर जाडीचा आंख घेतला. त्याच्या वरच्या बाजूला पितळी बेअरिंग बसवले आणि खालची बाजू तेलात बुडवून ठेवली. एकदा वरून तेल सोडावे म्हणून त्याने बेअरिंगला मधोमध भोक पाडले. यंत्र सुरू केले तो नवलच! तेल आत जाण्याऐवजी भोकातून वर येऊन सांडू लागले. त्याने बूच लावले, ते बाहेर ढकलले गेले. मग लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू बाहेर आली. तेव्हा त्याने तिथे दाबमापकच जोडला. बेअरिंगवरचा भार सरासरीने दर चौरस इंचाला १०० पौंड होता, आणि दाबमापकाचा काटा २०० च्याही पुढे गेला.

याचा अर्थ सरळ होता. फिरणारा आंख पितळेला टेकतच नव्हता. दोघांच्या मध्ये तेलाचा पातळ थर होता आणि सगळा भार त्या थराने पेलला होता.

हे घडते कसे, ते मँचेस्टरच्या ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या प्राध्यापकाने १८८६ मध्ये गणिताने दाखवून दिले. आंख आणि बेअरिंग यांच्यामधली फट सगळीकडे सारखी नसते. ती एका बाजूला निमुळती होत जाते. फिरणारा आंख तेलाला आपल्याबरोबर या निमुळत्या फटीत ओढून नेतो. पुढे जागा अपुरी पडते, म्हणून तेलातला दाब वाढतो आणि तो आंखाला उचलून धरतो. तेल असे ओढले जाते ते त्याच्या विष्यंदितेमुळे, म्हणजे आपण साध्या भाषेत ज्याला घट्टपणा म्हणतो त्या गुणामुळे.

पण हाच गुण दुसरीकडे किंमत वसूल करतो. धातू धातूला घासत नसला, तरी तेलाचे थर एकमेकांवरून सरकतातच आणि त्यांचे आपसांत घर्षण होते. तेल जितके घट्ट, तितकी आंख फिरवायला जास्त शक्ती लागते. रशियात निकोलाय पेत्रोव्ह यानेही १८८३ मध्येच या घर्षणाचे गणित मांडले होते. त्याच्यासमोरचा प्रश्नही व्यवहाराचाच होता. बाकूच्या विहिरींमधून निघणारे खनिज तेल जुन्या प्राणिज आणि वनस्पतिज तेलांच्या जागी वापरावे का, हे त्याला ठरवायचे होते. म्हणजे 'तेल बदलले तर काय होईल?' हा प्रश्न पिकअपच्या कितीतरी आधीचा आहे.

पातळ तरी किती?

मग तेल पातळच करत गेलो तर? इथे जर्मनीच्या रिचर्ड श्ट्रिबेकचे काम उपयोगी पडते. त्याने १९०२ मध्ये बेअरिंगवरच्या काळजीपूर्वक मोजमापांतून दाखवले, की वेग कमी कमी करत नेला तर घर्षण आधी उतरते, एका ठिकाणी सर्वांत कमी होते आणि नंतर एकदम चढते. तेल पातळ केले तरी असेच होते. चढण्याचे कारण उघड आहे. थर इतका पातळ होतो की दोन्ही पृष्ठभागांवरचे उंचवटे एकमेकांना भिडू लागतात. मग शक्ती वाया जाते आणि धातूही झिजतो. घर्षणाच्या या उताराच्या तळाशी, पण चढण सुरू होण्याच्या अलीकडे राहायचे, अशी ही कसरत आहे.

मोटारीत ही कसरत अवघड होते, कारण तेलाचा घट्टपणा तापमानाप्रमाणे बदलतो. थंडीत बाटलीतले खोबरेल पाहून आपल्याला याची थोडीफार कल्पना येते. इंजिनाचे तेल खोबरेलासारखे गोठत नाही, पण ४० अंश सेल्सिअसला ते १०० अंशांच्या मानाने पाच-सहापट घट्ट असते. अमेरिकेतल्या मोटार अभियंत्यांच्या संस्थेने १९११ मध्ये तेलांची घट्टपणानुसार वर्गवारी केली. तेलाच्या डब्यावरचे २०, ३०, ४० हे आकडे त्याच परंपरेतले. आकडा मोठा, तेल घट्ट. पुढे हिवाळ्यासाठी 'डब्ल्यू' अक्षराचे वेगळे वर्ग आले. तेव्हाचे मोटारवाले हिवाळ्यात पातळ आणि उन्हाळ्यात घट्ट तेल घालत.

१९५० च्या दशकात बहुश्रेणी तेले बाजारात रुळली. पातळ तेलात लांब साखळ्यांचे रेणू मिसळायचे. थंडीत ते आक्रसून राहतात आणि तेल गरम झाले की पसरतात, त्यामुळे तेल फार पातळ होत नाही. '१०डब्ल्यू-३०' याचा अर्थ, थंडीत दहाच्या वर्गाप्रमाणे आणि गरम झाल्यावर तिसाच्या वर्गाप्रमाणे वागणारे तेल. आता वर्षभर एकच तेल चालू लागले. तरीही पेट्रोलची बचत हा विचार कोणाच्या डोक्यात फारसा नव्हता. पेट्रोल स्वस्त होते.

एका टक्क्याला भाव आला

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब तेल उत्पादक देशांनी अमेरिकेचा तेलपुरवठा रोखला. काही महिन्यांत खनिज तेलाचा भाव पिंपामागे सुमारे ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या घरात गेला. अमेरिकेत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. १९७५ मध्ये तिथे कायदा झाला. प्रत्येक कंपनीने विकलेल्या सर्व गाड्यांची सरासरी काढायची आणि ती ठरवून दिलेल्या ॲव्हरेजपेक्षा कमी भरली तर कंपनीला दंड. मोटारींसाठी १९७८ चे उद्दिष्ट लिटरला सुमारे साडेसात किलोमीटर होते आणि १९८५ चे सुमारे पावणेबारा. पिकअपसारख्या हलक्या मालमोटारींचे उद्दिष्ट वेगळे आणि सौम्य होते. १९९६ ते २००४ या मॉडेल-वर्षांत ते गॅलनला २०.७ मैल, म्हणजे लिटरला सुमारे ८.८ किलोमीटर होते.

आता दंडाचा हिशोब पाहा. त्या काळात उद्दिष्ट गाठायला गॅलनमागे दर ०.१ मैल कमी पडला की विकलेल्या प्रत्येक गाडीमागे ५.५० डॉलर दंड होता. २०.७ चा एक टक्का म्हणजे सुमारे ०.२ मैल. म्हणजे गाडीमागे ११ डॉलर, आणि दहा लाख गाड्यांमागे १ कोटी १० लाख डॉलर! इंजिनाचा आराखडा बदलून एक टक्का मिळवायला अफाट खर्च येतो. तेल बदलणे त्या मानाने फारच स्वस्त.

मग तेलांच्याही परीक्षा सुरू झाल्या. प्रयोगशाळेत एकाच जातीचे इंजिन ठरावीक पद्धतीने चालवायचे, एकदा संदर्भ-तेलावर आणि एकदा नव्या तेलावर, आणि इंधन मोजायचे. १९८० च्या दशकात 'ऊर्जा वाचवणारे' असा शिक्का मिळवण्यासाठी अशा चाचणीत किमान १.५ टक्के बचत दाखवावी लागे. वरच्या पायरीच्या शिक्क्यासाठी २.७ टक्के. २००१ च्या मॉडेल-वर्षापासून फोर्ड कंपनीने पिकअपसकट आपल्या बऱ्याच गाड्यांसाठी '५डब्ल्यू-२०' हे आधीपेक्षा पातळ तेल सुचवले.

हिशोब जमतो का?

हे आकडे इतके लहान का, ते आपणच ताडून पाहू. साध्या मोटारींच्या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणे इंधनातली ऊर्जा १०० भाग धरली, तर ६२ भाग उष्णतेच्या रूपाने धुराड्यातून आणि थंड करणाऱ्या पाण्या-हवेतून निघून जातात. ३८ भागांचे यांत्रिक काम होते. त्यातले सुमारे साडेअकरा भाग इंजिनाच्या आतल्या घर्षणात जातात. बाकीचे टायर, गिअर, ब्रेक आणि हवेचा विरोध यांच्या वाट्याला येतात. समजा, तेल बदलून इंजिनातले घर्षण विसाव्या हिश्शाने कमी झाले. बचत झाली साडेअकराचा विसावा भाग, म्हणजे सुमारे ०.६. हे ०.६ त्या ३८ पैकी वाचले, म्हणजे दीड टक्का.

अमेरिकी सरकारचा वाहनधारकांना दिलेला सल्लाही याच्याशी जुळतो. कंपनीने '५डब्ल्यू-३०' सांगितले असताना '१०डब्ल्यू-३०' घातले, तर ॲव्हरेज १ ते २ टक्क्यांनी घटू शकते. सगळा खेळ इतकाच आहे.

वहीतला आकडा

आता पहिल्या मालकाच्या वहीकडे वळू. लिटरला ८.८ ऐवजी ९.८ किलोमीटर म्हणजे ११ टक्क्यांहून जास्त वाढ. एवढी वाढ तेल देऊ शकत नाही, मग ती आली कुठून? बहुधा तेल बदलले त्या सुमारास आणखीही काही बदलले असेल. थंडी संपली असेल. कडाक्याच्या थंडीत शहरातल्या फेऱ्यांत ॲव्हरेज दहा टक्क्यांहून अधिक उतरते. हवा भरून घेतली असेल. टायरमधली हवा ५ पौंडांनी कमी झाली, तर सुमारे एक टक्का जातो. म्हणजे तेलाने मिळवून दिलेले सगळे हवेने घालवले! शिवाय नवे तेल घातलेला माणूस आपले खरे ठरते का, हे पाहण्यासाठी जरा जपूनच गाडी हाकतो.

आणि मोजण्याचे काय? टाकीत ६० लिटर पेट्रोल भरले, तर एक टक्का म्हणजे ६०० मिलिलिटर. दोन वेळा 'फुल' केलेल्या टाकीत इतका फरक पंपाची जागा थोडी तिरकी असली तरी पडतो. म्हणजे जे मोजायचे ते मोजपट्टीच्या चुकीइतकेच लहान आहे. म्हणून दुसरा मालक 'काडीचा फरक नाही' म्हणतो, तेव्हा त्याचे निरीक्षण खरे असते, निष्कर्ष मात्र चुकतो. त्याला फरक दिसला नाही, एवढेच खरे.

फरक दिसावा असे वाटत असेल, तर जुने तेल, नवे तेल, पुन्हा जुने तेल अशी आलटापालट करावी लागेल. रस्ता, भार, हवा तीच ठेवायची आणि नोंदी पुष्कळ घ्यायच्या. नवे तेल काढल्यावर वाढलेले ॲव्हरेज परत खाली येते का, हा खरा कस.

टक्का कोणाचा?

वर्षाला २०,००० किलोमीटर चालणाऱ्या पिकअपच्या मालकाला एका टक्क्याने सुमारे २३ लिटर पेट्रोल वाचते. त्याचे घर त्यावर चालत नाही. दहा लाख गाड्यांचे मिळून मात्र दरसाल सव्वादोन कोटी लिटर होतात. त्यामुळे अनेक मालकांना शंका येते, की बचत देशाची, दंड वाचला कंपनीचा आणि झीज आमच्या इंजिनाची, असे तर नाही? शंका अगदीच वावगी नाही. श्ट्रिबेकने दाखवलेली चढण खरोखरच आहे. पण जे इंजिन पातळ तेलासाठीच बांधले, ज्याच्या फटी आणि तेलाचा पंप त्या हिशोबाने ठरवले, ते त्या चढणीपासून दूर असते. थर अपुरा पडतो तिथे तेलातली जस्त-फॉस्फरसयुक्त द्रव्ये धातूवर संरक्षक पापुद्रा धरतात. ज्या जुन्या इंजिनासाठी घट्ट तेल सांगितले आहे, त्यात ॲव्हरेजच्या मोहाने पातळ तेल घालणे मात्र एक टक्क्यासाठी इंजिन पणाला लावणे होय.

२०२५ मध्ये अमेरिकेने तो दंड शून्यावर आणला. कंपन्यांच्या हिशोबातून एका टक्क्याची ती किंमत त्यामुळे गेली. तेलाच्या थरातले घर्षण मात्र कायद्याने बदलत नाही.

वर्गात हा विषय घ्यायचा असेल तर फार काही लागत नाही. दोन उंच पारदर्शक नळ्या, एरंडेल तेल आणि चार गोट्या पुरतात. एक नळी साध्या पाण्यात आणि दुसरी कोमट पाण्यात उभी करून गोटी तळाशी जायला लागणारा वेळ मोजावा. तोच प्रयोग पाच-सहा मुलांना वेगवेगळा करायला सांगावा आणि सगळ्यांचे आकडे फळ्यावर लिहावेत. कोमट तेलात गोटी लवकर बुडते, हे सगळ्यांच्याच आकड्यांत दिसेल. मग विचारावे, "हा फरक फक्त एक टक्का असता, तर तुमच्यापैकी कोणाच्या आकड्यावर आपण विश्वास ठेवला असता?"